यंदा गुइहुआ फुलेना

ताओ वेनफेनचा पुढचा दात कंदिलांच्या सणाच्या दिवशी तिळाच्या वडीत रुतला. वडी बाहेर आली, तिच्यासोबत दातही आला. हे घडलं सुझोऊमधल्या अर्ध्या नावेच्या बागेत, चहाघराच्या खिडकीशेजारच्या टेबलावर. पाहिलं फक्त तिच्या जिवाभावाच्या मैत्रिणीने, झू बाओलीने. म्हणजे संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीने पाहिल्यातच जमा होतं.

"दाखव बघू," बाओली म्हणाली. "अगं, हात काढ की तोंडावरचा."

"गप बस," वेनफेन म्हणाली. पण दाताच्या फटीतून ते 'गफ बफ' असं निघालं आणि बाओली टेबलावर डोकं ठेवून हसत सुटली.

शेजारच्या टेबलावर एक उंच, किडकिडीत गृहस्थ तीन तारांचं वाद्य जुळवत बसले होते. बागेत रोज येणारे. त्यांनी वाद्य भिंतीला टेकवून ठेवलं, खिशातून घडीचा रुमाल काढला, वेनफेनसमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तोंड उघडा."

वेनफेनने रेशमाच्या गिरणीत उभा जन्म काढलेला. नवरा गेल्यापासून तिने कुणाचा एक शब्द ऐकून घेतला नव्हता. पण तिने तोंड उघडलं.

"मूळ शाबूत आहे," गृहस्थ म्हणाले. "दात वडीतून काढू नका. वडीसकट माझ्याकडे द्या, मापाला."

ते डॉक्टर यान शौछेंग. दातांचे डॉक्टर. दवाखाना बंद करून बराच काळ लोटला होता, पण घराच्या पुढच्या खोलीत पेशंटची ती कलती खुर्ची अजून होती आणि हातात कसबही होतं. नाशपातीच्या झाडाला कळ्या धरेपर्यंत वेनफेनच्या तोंडात नवा दात बसलाही. तो इतका छान बसला की आरशात पाहून तिला उगीचच लाजल्यासारखं झालं.

दात बसला, पण डॉक्टरांची चौकशी थांबली नाही. फुलांच्या वाढदिवसाला, म्हणजे चांद्र पंचांगातल्या दुसऱ्या महिन्यात जेव्हा सगळे बागेतल्या झाडांना लाल फिती बांधतात तेव्हा, डॉक्टर उंच असल्यामुळे वरच्या फांद्या त्यांच्याकडे आल्या आणि फिती हातात द्यायचं काम वेनफेनकडे. प्रत्येक फितीला डॉक्टर वरून विचारत, "दुखत नाही ना?" फांदी कॅमेलियाची, प्रश्न दाताचा. ड्रॅगन-नौकांच्या सणाला तिने पानात बांधलेला चिकट भात दिला तेव्हा त्यांनी विचारलं, "थंड-गरम लागतं का?"

"एका दाताची एवढी चौकशी," बाओली म्हणाली. "सगळी बत्तिशी पडली असती तर बाईला घरीच नेऊन ठेवलं असतं."

वेनफेनने तिच्याकडे सूर्यफुलाच्या बियांची मूठ फेकली. पण त्या रात्री ती अंथरुणात तिरकी पडून हसत राहिली. तिरकी पडून झोपणं हे तिचं खास सुख होतं. नवरा गेला तेव्हा लोकांनी तिची फार कीव केली होती, आणि तिलाही वर्षभर जगणं जड झालं होतं. मग एके दिवशी तिच्या लक्षात आलं की पातेल्यातूनच उभ्या-उभ्या शेवया खाल्ल्या तरी कुणी काही म्हणत नाही. रेडिओ हवा तेवढा मोठा लावता येतो. आडवी-तिरकी कशीही झोपता येतं. ही गोष्ट तिने बाओलीलासुद्धा कधी सांगितली नव्हती. सांगितली असती तर गल्लीला कळली असती.

कमळांचा वाढदिवस येतो सहाव्या महिन्यात. उन्हाने दगड तापलेले असतात, तळं पानांनी भरून गेलेलं असतं, आणि अर्ध्या नावेच्या बागेत त्या दिवशी एक जुनी गंमत चालते. बागेचं नाव पडलं ते तळ्याकाठच्या दगडी नावेवरून. नावेला पुढचा भाग आहे, मागचा नाही. कुणी म्हणतं बांधणाऱ्या सरदाराचे पैसे संपले. बाओली म्हणते त्याच्या बायकोला बोट लागायची, ती अर्ध्यावरच उतरली. तर या नावेत बसून कमळाचं एक मोठं पान देठासकट घ्यायचं, मधोमध सुईने भोकं पाडायची, पानाच्या वाटीत थंडगार तांदळाची दारू ओतायची आणि देठाचं दुसरं टोक तोंडात धरून ओढायची. देठ पोकळ असतो. दारू येताना कमळाचा कडसर गारवा घेऊन येते आणि भलतीच सौम्य लागते. हाच तिचा कावा.

वेनफेनसाठी पान धरलं डॉक्टरांनी. ते उंच, पान त्यांच्या डोक्याच्याही वर, त्यामुळे दारू झऱ्यासारखी धावत आली. अर्धी वेनफेनच्या पोटात गेली, अर्धी गळ्यावरून ओघळली. ती खोकली, हसली, पुन्हा ओढायला लागली.

"पुरे करा," डॉक्टर म्हणाले. "मला तुमच्याशी बोलायचं आहे आणि तुम्ही शुद्धीवर असायला हवं."

"आहे की."

"दोन डोळे दिसतायत का माझे?"

"चार दिसतायत. चारही छान आहेत."

डॉक्टरांनी पान खाली ठेवलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "ताओबाई," ते म्हणाले, "दात आता कायमचा बरा आहे. यापुढे विचारायला माझ्याकडे काही कारण उरलेलं नाही. म्हणून विचारतो. माझ्याशी लग्न कराल का?"

चहाघराच्या मालकीणबाई किटली हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. बाओलीने तर श्वासच घेतला नाही, एरवी ती टोमण्याचा मोका सोडत नाही.

वेनफेनच्या मनात एकदम सगळं येऊन गेलं. तिरकं अंथरूण. पातेल्यातल्या शेवया. हा भला माणूस. त्याचे लाल कान. नाही म्हणावंसं वाटेना आणि हो म्हणायला जीभ वळेना. दारू डोक्यात नाचत होती. समोर, नावेच्या टोकाशी गुइहुआचं, शरदात घमघमणाऱ्या बारीक सोनेरी फुलांचं, म्हातारं झाड उभं होतं, पानंच पानं, फुलाचा पत्ता नाही. शरद ऋतूला अजून किती अवकाश.

"गुइहुआ फुलला की करू," ती म्हणाली. स्वतःच्या हजरजबाबीपणावर ती इतकी खूश झाली की तिने उरलेली दारू संपवून टाकली.

दुसऱ्या दिवशी डोकं धरून उठली तेव्हा तिला वाटलं, चला, दोनेक महिन्यांची सोय झाली. पण खाली भाजीवाल्याने तिला दोन मुळे जास्त दिले आणि म्हणाला, "मावशी, शुभेच्छा. शरदातच ना?"

वाट पाहणं सुरू झालं. उन्हाळा सरता सरता चहाघरात बायका ताजे मखाणे सोलायला बसतात. बोटांना लोखंडी नखं लावायची आणि काळी साल फोडून आतला मोत्यासारखा दाणा काढायचा. दाणे सोलता सोलता लग्नही सोलून निघायचं. लग्नात काय घालायचं, लाल जाकीट की जांभळं, इथपासून डॉक्टर घोरतात का इथपर्यंत. डॉक्टर पलीकडच्या टेबलावर तीन तारा छेडत बसलेले असायचे आणि मधूनच गंभीरपणे सांगायचे, "घोरत नाही. माझी बहीण साक्षीला आहे."

रोज सकाळी बागेत आल्या आल्या ते झाडाखाली जायचे, फांदी खाली ओढायचे आणि पानांच्या बेचक्यात बघायचे. ही एवढीशी फुलं, बाजरीच्या दाण्याएवढ्या कळ्या, तिथेच धरतात. काही नाही. मग बाओली जायची. मग मालकीणबाई. मग ज्यांचा या लग्नाशी काडीचा संबंध नव्हता असे लोक जायचे. बागेचे मुख्य माळी खोंग यांना दिवसातून इतक्यांदा विचारलं जाऊ लागलं की त्यांनी वैतागून झाडाला एक पाटी लावली. पाटीवर लिहिलं होतं: 'कळ्या नाहीत. कधी येतील माहीत नाही. लग्नाविषयी माळ्याला विचारू नये.'

पाटीचे फोटो काढायला लोक येऊ लागले. खोंगना आता पाटीविषयीही उत्तरं द्यावी लागली.

आणि उन्हाळा हटेना. गुइहुआला फुलायला थंड रात्री लागतात. यंदा रात्रीसुद्धा पंखा लावून झोपावं लागत होतं. चंद्राचा सण आला. दरवर्षी या दिवशी अख्खं शहर गुइहुआच्या वासात न्हालेलं असतं. यंदा चंद्र आला, मांसाचे गरम मूनकेक आले, त्यासाठी रांगा लागल्या, नावेत डॉक्टरांच्या तीन तारा वाजल्या, पण हवेत कशाचा म्हणून वास नव्हता. लोक चंद्राकडे बघायचे सोडून झाडाकडे बघत होते.

तिथेच बाओलीने एक चेष्टा केली. गेल्या वर्षीच्या गुइहुआ-फुलांत मुरवलेल्या साखरेची बरणी तिने हळूच डॉक्टरांच्या पाठीमागे उघडून धरली. डॉक्टर वाजवता वाजवता थांबले. नाक वर केलं. वाद्य कुणाच्या तरी मांडीवर टाकलं आणि म्हातारपण विसरून झाडाकडे पळाले. अंधारात फांदीला डोकं आपटलं.

सगळी बाग हसली. वेनफेनही हसली, पोट धरून. पण डॉक्टर कपाळ चोळत, पानांत बोटं घालून अजूनही शोधत होते, ते पाहताना तिचं हसू मधेच कुठेतरी अडलं. तिने जाऊन बाओलीच्या हातातली बरणी काढून घेतली.

"एवढं काय झालं गं?" बाओली म्हणाली. "तूच तर त्यांना झाडाला बांधून ठेवलंयस."

दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी बर्फ आणला. झाडाला थंडी हवी तर थंडी देऊ, असा त्यांचा सरळ हिशेब. मासळी बाजारातून तीनचाकी सायकलवर बर्फाच्या लाद्या घालून त्यांनी बागेत आणल्या, झाडाच्या बुंध्याभोवती रचल्या, स्वतः शेजारी स्टुलावर बसून वारा घालू लागले. बर्फ मासळी बाजारातला. तो वितळू लागला तसा बागेतल्या सगळ्या मांजरांना पत्ता लागला. पाठोपाठ तळ्यावरचा बगळा येऊन लादीवरच उभा राहिला. डॉक्टर पंख्याने झाडाला वारा घालत होते आणि पायाने मांजरं हाकलत होते. चपला भिजल्या म्हणून त्या काढल्या आणि पाय तसेच गार चिखलात रुतवून बसले.

"डॉक्टर," खोंग माळी कमरेवर हात ठेवून म्हणाले, "हे झाड आहे. दाढ नाही."

"मुळाला गारवा मिळाला तर..."

"मुळाला मासळीचं पाणी मिळतंय. उद्या याला फुलांऐवजी कोळंबी लागेल."

वेनफेन हे सगळं चहाघराच्या खिडकीतून पाहत होती. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, म्हणून ती घरी निघून गेली. घरी गेल्यावरही पाणी थांबेना, आणि आता त्यात हसण्याचा भाग थोडा होता. तिने वूशी शहरात राहणाऱ्या मुलीला, लानछिउला, फोन लावला.

"यंदा हवामानखातं काय झोपलंय का?" ती म्हणाली. "थंडी येणार येणार म्हणून आठवडाभर सांगतायत. कुठेय थंडी?"

"आई," लानछिउ म्हणाली, "काल तू मला हेच विचारलंस. परवाही. तू थंडीची इतकी वाट कधीपासून पाहायला लागलीस?"

वेनफेनने फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"लग्न कर नाहीतर करू नकोस," लानछिउ म्हणाली, "पण हवामानखात्यावर राग काढू नको. ती माणसं निर्दोष आहेत."

फोन ठेवून वेनफेन खिडकीत उभी राहिली. खरंच की. गेला महिनाभर सकाळी डोळे उघडायच्या आधी आपण नाक वर करून हुंगतो. चादरीत तोंड असतानाच. आधी हवा, मग घड्याळ. ही सवय कधी लागली ते तिला आठवेना. जी गोष्ट लांबणीवर टाकायला म्हणून झाड पुढे केलं, तीच गोष्ट झाड अडवून बसलंय आणि आपल्यालाच राग येतोय, हे कळल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की ती स्वयंपाकघरात जाऊन एकटीच एक गिरकी घेऊन आली. कोपर कपाटाला लागलं. दुखलं नाही.

मग एकदाचा उत्तरेकडचा वारा सुटला. दोन दिवस बारीक पाऊस पडला, लोकांनी कपाटातून जाकिटं काढली, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे वेनफेनला जाग आली ती वासाने. तिला आधी वाटलं, शेजारणीने साखरेची बरणी उघडली. तिने खिडकी उघडली. वास आत आला नाही, कोसळला. पिकलेल्या जर्दाळूचा, मधाचा, आणि आणखी कशाचातरी, ज्याला नाव नाही पण जो घशात गोड लागतो. खाली भाजीवाला मान वर करून, डोळे मिटून उभा होता. मुळे घ्यायला आलेली बाईही तशीच. बसवाल्याने सगळ्या खिडक्या उघड्या टाकल्या होत्या आणि बस थांब्यावरून हलायला तयार नव्हती, कारण ड्रायव्हरच खाली उतरून हुंगत होता.

वेनफेन घरातल्या सपातांवरच पळाली.

बागेचं फाटक उघडायला वेळ होता, तरी फाटकाशी लोक जमले होते. बाओली सगळ्यांच्या पुढे, केस न विंचरता. खोंग माळ्यांनी वेळेआधीच कुलूप काढलं. काल संध्याकाळपर्यंत नुसतं हिरवं असलेलं ते झाड आज नखशिखांत सोनेरी झालं होतं. प्रत्येक बेचक्यात फुलांचे झुबके. वारा आला की फुलं भुरभुरत खाली यायची, तळ्यावर, दगडी नावेवर, लोकांच्या खांद्यांवर. खोंगनी पाटी काढली आणि काखेत मारली. त्यांचे डोळे ओले होते, पण ते म्हणाले, "सर्दी झालीय."

लोक झाडाभोवती फेर धरून उभे राहिले. कुणाला हसू येत होतं, कुणी उगीच शेजाऱ्याच्या पाठीत थाप मारत होतं. दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांचे हात धरून उड्या मारल्या आणि मग गुडघे धरले. वेनफेन बुंध्याला टेकून वर बघत उभी राहिली. फुलं तिच्या केसांत, जाकिटाच्या कॉलरमध्ये, डोळ्यांवर पडत होती.

"पण नवरदेव कुठाय?" बाओलीने विचारलं.

सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. रोज सर्वांआधी येणारे डॉक्टर यान कुठेच नव्हते.

डॉक्टरांचं घर कालव्याच्या पलीकडच्या काठाला, वेनफेनच्या घरासमोर, पूल ओलांडला की तिसरं दार. वेनफेन निघाली. बाओली निघाली. मालकीणबाई निघाल्या. लग्नाशी काडीचा संबंध नसलेले लोकही निघाले. पुलावरून ती वरात गेली तेव्हा खालून जाणाऱ्या नावाड्याने विचारलं, "कुणाचं लग्न?" आणि बाओलीने वरून उत्तर दिलं, "अजून विचारायचंय."

दार उघडलं. डॉक्टर गोधडी पांघरून उभे होते. नाक टोमॅटोसारखं लाल, डोळ्यांना धार. बर्फात पाय घालून बसल्याचं फळ.

"गुइहुआ फुलला," वेनफेन धापा टाकत म्हणाली.

डॉक्टरांनी जोरात नाक ओढलं. काहीच आत गेलं नाही. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्यामागच्या गर्दीकडे, मग बाओलीकडे, आणि त्यांचा चेहरा पडला. "बरणी आणलीय का यावेळी पण?" ते म्हणाले. "पुरे करा आता. आजारी माणसाची किती चेष्टा करायची."

"अहो, खरंच फुलला."

"मला काही वास येत नाही."

"तुमचं नाक बंद आहे."

"ते तुम्हाला सोयीचंच आहे," डॉक्टर म्हणाले आणि शिंकले.

वेनफेनने मागे वळून लोकांना हाताने दूर व्हायची खूण केली. कुणी हललं नाही. तेव्हा ती स्वतःच आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. बाहेर बाओलीने कान दाराला लावला. ते आतूनही ऐकू आलं.

"बसा," वेनफेन म्हणाली. डॉक्टर बसले. योगायोगाने ते त्यांच्या त्या कलत्या खुर्चीतच बसले, आणि ती खुर्ची हळूहळू मागे कलली, त्यामुळे त्यांना छताकडे पाहत ऐकावं लागलं.

"त्या दिवशी मी झाडाचं नाव घेतलं ते पळवाट म्हणून," ती म्हणाली. "मला एकटीने राहायला आवडतं. मी अंथरुणात तिरकी झोपते. पातेल्यातून खाते. रेडिओ मोठा लावते."

"रेडिओ ऐकू येतो," डॉक्टर छताला म्हणाले. "कालवा ओलांडून येतो."

"मग?"

"मग काय. मीही कुणाला माझ्या तारांना हात लावू देत नाही. दुपारी दोन तास कुणाशी बोलत नाही. तुम्ही इथे येऊन राहावं असं मी कधी म्हणालो? मी लग्नाचं विचारलं, बिऱ्हाड हलवायचं नाही."

वेनफेनच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. तीन महिने ती ज्या राक्षसाला घाबरत होती तो मुळात या माणसाच्या घरात राहतच नव्हता. तिला हसू आलं. हसता हसता ती खुर्चीवर वाकली आणि तिच्या केसांतून सोनेरी फुलांची सर डॉक्टरांच्या गोधडीवर, गालांवर, लाल नाकावर पडली.

डॉक्टरांनी एक फूल चिमटीत धरलं. डोळ्यांजवळ नेलं. दुसरं धरलं. मग ते धडपडत खुर्चीतून उठू लागले, पण खुर्ची आणखीच मागे कलली.

"फुललाय," ते म्हणाले. "अहो, हा तर फुललाय."

"तेच सांगतेय केव्हाची. आता मी विचारते. माझ्याशी लग्न कराल का? आजच. स्वतःला चांगलं ओळखते मी, उद्यापर्यंत थांबले तर आणखी एखादं झाड शोधीन."

"आधी मला या खुर्चीतून काढा," डॉक्टर म्हणाले. "मग हो."

दाराबाहेर टाळ्या पडल्या.

नोंदणी कचेरीत दुपारी दोघं पोचली. वेनफेनने लाल जाकीट घातलं होतं, बाओलीचं, त्यामुळे बाह्या तोकड्या. लग्नाच्या दाखल्यासाठी फोटो लागतो, लाल पडद्यासमोर, दोघं शेजारी, चेहरा समोर. फोटो काढणारी मुलगी तरुण होती आणि तिला दुपारी जेवायला जायचं होतं.

"आजोबा, आजीजवळ सरका. आणखी. डोकं टेकवा. हसू नका, नुसतं स्मित करा."

डॉक्टर शिंकले. वेनफेनला हसू फुटलं.

"पुन्हा," मुलगी म्हणाली.

यावेळी डॉक्टरांनी शिंक दाबून धरली. त्यांचा चेहरा फुगत फुगत जांभळा होत गेला. वेनफेनने ते डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं आणि तिला सावरता येईना. ती स्टुलावरून घसरली. डॉक्टर तिला धरायला वाकले आणि तेव्हाच ती शिंक सुटली, इतकी मोठी की मागचा लाल पडदा हलला.

"आजी, जरा गंभीर व्हा," मुलगी म्हणाली. "लग्न आहे हे."

"प्रयत्न करतेय गं बाळ," वेनफेन डोळे पुसत म्हणाली.

"मी बाहेर जाऊन उभा राहू का?" डॉक्टरांनी विचारलं, आणि मग त्या मुलीलाही हसू आलं. ती कॅमेऱ्यामागे वाकून हसत राहिली. शेवटी तिने जो फोटो घेतला त्यात वेनफेनचे डोळे मिटलेले आहेत आणि डॉक्टरांची टाय खांद्यावर गेली आहे. पलीकडच्या अधिकाऱ्याने तो उलटसुलट करून पाहिला, चष्मा काढला, पुन्हा लावला आणि शिक्का मारला.

"चेहरे ओळखू येतायत," तो म्हणाला. "तेवढं पुरे."

दोघं दाखल्याच्या लाल पुस्तिका घेऊन बाहेर आली. गल्लीच्या तोंडाशी खेकडेवाला बसला होता, नुकतेच सरोवरातून आलेले खेकडे गवताच्या दोरीने बांधलेले. मोसमातले पहिले. वेनफेनने भरलेले, जड खेकडे निवडून घेतले आणि दोघं कालव्याकाठाने चालत पुलापर्यंत आली. तिथे थांबली, कारण इथून एकीचं घर या बाजूला आणि दुसऱ्याचं त्या बाजूला.

"माझ्याकडे मोठं पातेलं आहे," वेनफेन म्हणाली.

"माझ्याकडे दारू गरम करायचं भांडं आहे. शिवाय आलं आणि काळा व्हिनेगर."

"मग तुम्ही आणा."

"मग तुम्ही पातेलं आणा."

बराच वेळ वाद झाला. अखेर खेकडे तिच्याकडे उकडले, दारू त्यांच्याकडे तापली, आणि खायला बसायचं ठरलं पुलावरच, मधोमध, दगडी कठड्याशी. डॉक्टर त्यांच्या बाजूने गरम भांडं धरून आले, वेनफेन तिच्या बाजूने वाफाळतं पातेलं घेऊन आली, आणि बाओली व्हिनेगरच्या वाट्या घेऊन मधे उभी होती, कारण तिला कुणीच बोलावलं नव्हतं. खालून जाणाऱ्या होड्यांतले लोक मान वर करून पाहत होते. डॉक्टरांनी पहिला खेकडा फोडला, पिवळंधमक गाभोळीचं कवच उलटं करून वेनफेनपुढे धरलं आणि म्हणाले, "सांभाळून. गरम आहे."